धंदा शिकायचाय? मग ‘ययाति’ वाचा, आणि पुरूचं प्रकरण शोधा



दर बॅचला एक प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, धंद्यासाठी कुठलं पुस्तक वाचू?” विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच तयार असतं. सात सवयी, दहा नियम, एकवीस दिवसांत श्रीमंत, त्यातलंच काहीतरी. मी म्हणते, खांडेकरांची ‘ययाति’ वाचा. मग मागच्या बाकावरून हसू येतं. “मॅडम, ती राजाची ना? शाप वगैरे?”

हो, तीच. शाप आहे, मेलेल्याला उठवणारी विद्या आहे, बापाचं म्हातारपण मुलाच्या अंगात जातं. तुमची मुलं आज मोबाईलवर ज्याला फँटसी म्हणतात ते सगळं त्यात आहे, आणि तेही मराठीत. ही १९५९ सालची कादंबरी. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. पण पुरस्कारांसाठी मी ती सांगत नाही. मी सांगते ती तिच्या बांधणीसाठी.

ही गोष्ट लेखक सांगत नाही. तिघं सांगतात: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. प्रत्येक जण “मी” म्हणून बोलतो. नवरा, बायको आणि बायकोची दासी झालेली राजकन्या. एकच राजवाडा, एकच संसार, तीन हिशेब. आणि तिन्ही हिशेब आपापल्या जागी जुळतात! गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने यावर जरा थांबून विचार करावा.

बीबीएला असताना आम्हाला ‘स्टेकहोल्डर’ नावाचा धडा होता. मधोमध एक चौकोन, त्यात ‘कंपनी’. भोवती ग्राहक, पुरवठादार, कामगार, बँक असे चौकोन आणि जाणारे-येणारे बाण. परीक्षेत दहा मार्कांना यायचा, आकृती काढली की बरेचसे मार्क हातात. त्या चौकोनातलं कुणीही कधी बोललं नाही. ग्राहकाच्या चौकोनात ‘समाधान’ लिहायचं आणि पुढे जायचं. खांडेकर त्या चौकोनातल्या माणसाला शंभर पानं बोलू देतात, आणि तेही ज्या माणसाचा तुम्हाला आधी राग आलेला असतो त्याला.

देवयानीचंच घ्या. शुक्राचार्यांची एकुलती एक मुलगी, हट्टी, अहंकारी. कपड्यांच्या अदलाबदलीवरून मैत्रिणीशी भांडण होतं, मैत्रीण तिला विहिरीत ढकलते, ययाति वर काढतो. मग देवयानी हट्ट धरते, ज्या शर्मिष्ठेने मला ढकललं ती माझी दासी झाली पाहिजे. राजकन्येला दासी! आपण लगेच शर्मिष्ठेच्या बाजूला जाऊन बसतो. पण देवयानीचं बोलणं सुरू झालं की हळूहळू खुर्ची सरकायला लागते. जिने कचावर जीव लावला आणि जिला त्याने नाकारलं, जिचा बाप तपस्वी पण मुलीला काय हवंय हे कधी नीट न विचारणारा, ती मुलगी तशी का वागते हे दिसायला लागतं. पटतं असं नाही. दिसतं. या दोन गोष्टींतला फरक धंद्यात फार मोठा आहे.

आमच्या बॅचमधल्या एकाचं नालासोपाऱ्यात हार्डवेअर आणि प्लंबिंगचं दुकान आहे. त्याच्याकडून भुईगावच्या बाजूच्या एका बंगल्यासाठी सगळं बाथरूम फिटिंग गेलं. चार-पाच महिन्यांत वॉल मिक्सर जाम झाला, खालून गळायला लागला. घरमालक दुकानात येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडला, “डुप्लिकेट माल विकता!” प्लंबर म्हणाला, “माल दुकानातून आला, मी फक्त बसवला.” दुकानदार म्हणाला, “मिक्सर बसवायच्या आधी लाइन फ्लश केली नसणार, पाइपातला कचरा आत गेला.” तिघं तीन दिशांना. हा प्रसंग तुमच्यापैकी ज्यांचं दुकान आहे त्यांना नवा नाही, फक्त वस्तू बदलते.

मी त्याला म्हटलं, भांडण कोण जिंकेल ते राहू दे. एक वही घे आणि ही गोष्ट तीनदा लिही. तिन्ही वेळा “मी” म्हणून. एकदा घरमालक होऊन, एकदा प्लंबर होऊन, शेवटी स्वतः. अट एकच: ‘खडूस’, ‘चोर’, ‘माजलेला’ असले शब्द वापरायचे नाहीत, कारण स्वतःबद्दल बोलताना कुणीच ते वापरत नाही.

घरमालकाच्या पानावर काय आलं? मी आयुष्यात एकदाच घर बांधलं. मला नळातलं काही कळत नाही, म्हणून प्लंबर म्हणेल त्या दुकानात गेलो आणि तो म्हणेल ते घेतलं. त्या दोघांचं आपसात काहीतरी आहे असं मला वाटतं, पण विचारता येत नाही. प्लंबरच्या पानावर आलं: मजुरीतले शेवटचे पैसे मालकाने अजून दिलेले नाहीत. काही गळलं की मला फोन येतो आणि मी फुकट जाऊन बघतो. पावसाळ्यात बांधकामं थांबतात तेव्हा दुकानाच्या कमिशनवरच घर चालतं. आणि दुकानदाराच्या स्वतःच्या पानावर: एमआरपीवर घासाघीस करून मालकाने एवढा डिस्काउंट घेतला की प्लंबरचं कमिशन दिल्यावर माझ्या हातात फार थोडं उरलं. त्यात हा माझ्याच दुकानात ओरडतो.

तिन्ही खरी. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण तीन पानं शेजारी ठेवल्यावर त्याला एक गोष्ट दिसली, जी एकाही पानावर नव्हती. पाणी. आपल्या किनारपट्टीवर बऱ्याच बोअरिंगचं पाणी मचूळ. क्षार बसतात, आतली कार्ट्रिज जाम होते. घरमालकाने ते सांगितलं नाही, कारण त्याच्या मते पाणी म्हणजे पाणी. प्लंबरने विचारलं नाही, दुकानदारानेही नाही. आता तो काउंटरवर नळ दाखवायच्या आधी पहिला प्रश्न विचारतो, “पाणी बोअरिंगचं की महापालिकेचं?” बोअरिंगचं असेल तर गाळणी घ्यायला सांगतो आणि मिक्सर दर काही महिन्यांनी साफ करावा लागेल हे बिलावर लिहून देतो. एका गिऱ्हाइकाने तर त्याला म्हटलं, “इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नाही.”

कस्टमर फीडबॅकच्या फॉर्मवर हे कधीच आलं नसतं. फॉर्मवर तो ‘माल खराब, १ स्टार’ एवढंच लिहून मोकळा झाला असता.

आता कुणी म्हणेल, मॅडम, गोष्ट कळली ना, मग कादंबरी कशाला? ‘ययाति’चा सारांश पाच मिनिटांत मिळतो. मिळतो, पण सारांशाचा इथे उपयोग नाही. ययातीची कथा तर महाभारतातलीच, ती आजीकडून ऐकलेली असते. सारांशात सगळं एकाच आवाजात येतं, सांगणाऱ्याच्या. कादंबरीत तुम्हाला नको असलेल्या माणसाबरोबर तासभर बसावं लागतं, मध्ये उठून जाता येत नाही. नेमकी हीच सवय आपल्याला नसते. गिऱ्हाईक तिसरं वाक्य बोलायच्या आत आपलं उत्तर तयार असतं.

इंग्रजीत वाचणाऱ्यांना जॉर्ज मार्टिनची ती सिंहासनाची मालिका माहीत असेल, टीव्हीमुळे तर घराघरात पोहोचली. तिचं पहिलं पुस्तक १९९६ चं. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर फक्त एका माणसाचं नाव, आणि ते प्रकरण त्याच्याच डोळ्यांनी. त्यात जेमी नावाचा सरदार पहिल्याच पुस्तकात एका लहान मुलाला खिडकीतून ढकलतो. दोन पुस्तकं आपण त्याला बाहेरूनच बघतो आणि शिव्या घालतो. तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे २००० साली, लेखक त्याला स्वतःची प्रकरणं देतो. ज्या राजाचा खून केला म्हणून सगळे त्याला विश्वासघातकी म्हणतात, तो राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता, हे तेव्हा समजतं. मुलाला ढकललेलं माफ होत नाही. पण आता तुम्ही त्याच्याबद्दल पहिल्यासारखं सरळ बोलू शकत नाही.

आपल्याकडे शिवाजी सावंतांनी हे १९६७ मध्येच करून ठेवलंय. ‘मृत्युंजय’चे नऊ भाग आहेत. कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण बोलतात, शेवटी श्रीकृष्ण, आणि मध्ये एक अख्खा भाग दुर्योधनाला दिलाय. दुर्योधनाला! तुमच्या समोरच्या दुकानदाराला एक भाग द्यायची तुमची तयारी आहे का? ज्याने तुमच्यापेक्षा दोन रुपये कमी लावून गिऱ्हाईक पळवलं त्याला? देऊन बघा. कदाचित असं दिसेल की तो दोन रुपये कमी लावतो कारण त्याला रोजच्या रोज कॅश लागते, त्याच्या गाळ्याचं भाडं तुमच्या दुप्पट आहे. मग तुम्ही त्याच्याशी भावात लढायचं सोडाल, कारण ज्याला आजच्या आज पैसा हवाय त्याच्याशी भावात लढून काही हाती लागत नाही.

आता एक सावधगिरी. जो “मी” म्हणून बोलतो तो बरोबरच वाटतो. तिन्ही पुस्तकांतला हा धोका आहे, आणि खांडेकरांकडे तर सगळ्यात जास्त, कारण त्यांचा ययाति फार गोड बोलतो. बालपण, एकटेपण, राजवाडा, प्रेम न मिळणं, सगळं इतकं छान सांगतो की तो बायकोला फसवतोय हे वाचताना आपण मान डोलवत असतो. पुस्तक खाली ठेवल्यावर लक्षात येतं, अरे, याने केलं काय? धंद्यात असे ययाति बरेच भेटतात. उधारी थकवणारा, “वहिनी, तुम्ही तर घरच्या” म्हणणारा. फ्रँचायझी विकायला आलेला, स्वतःच्या गरिबीपासून सुरुवात करणारा. त्याचं प्रकरण पूर्ण ऐका, मग दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्रँचायझी घेतलेल्या दोघांना भेटा, त्यातला एक बंद पडलेला असेल तर फारच चांगलं.

आणि तुमचा बिझनेस प्लॅन? तेही “मी”चंच प्रकरण. त्यात तुम्ही ययाति असता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. शुक्राचार्य ययातीला शाप देतात, तो एका क्षणात म्हातारा होतो. उ:शाप असा की रक्ताच्या नात्यातल्या कुणी हे म्हातारपण मनापासून घेतलं तर तारुण्य परत मिळेल. शर्मिष्ठेचा मुलगा पुरू पुढे येतो आणि बापाचं म्हातारपण घेतो. सगळ्या कथेत सगळ्यात मोठी किंमत मोजणारा हा पोरगा. आणि त्याला प्रकरण नाही.

पुस्तक उघडून बघा. ययाति आहे, देवयानी आहे, शर्मिष्ठा आहे. पुरू “मी” म्हणून एकदाही बोलत नाही. आई बोलते त्याच्याबद्दल, बाप बोलतो. त्याला काय वाटलं हे तो स्वतः सांगत नाही. खांडेकरांनी हे मुद्दाम केलं की गोष्टीच्या ओघात झालं, यावर समीक्षकांनी बोलावं. दुकानदार म्हणून मला ते वाचताना चटका बसला, कारण धंद्याच्या वहीतही असंच असतं. ज्याच्या जिवावर सगळं उभं आहे त्याचं पान नसतं.

तुमच्या धंद्यातला पुरू कोण? बहुतेक वेळा कर्जाच्या कागदावर त्याची सही सापडते. पतपेढीचं कर्ज घेताना जामीनदार लागतात. आपण मामाला, मित्राला, शाळेत शिक्षक असलेल्या मेव्हण्याला सांगतो, “नुसती सही हवी, फॉर्म्यालिटी आहे.” ती फॉर्म्यालिटी नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच. म्हणजे तुमचा हप्ता चुकला तर वसुलीवाल्याने आधी तुमच्याच मागे लागायला हवं असं नाही. तो थेट मेव्हण्याकडे जाऊ शकतो. पुराणात म्हातारपण जातं, इथे कर्ज जातं. पुरूने निदान जाणून-बुजून घेतलं होतं.

कुणी म्हणेल, आम्ही मुद्रा कर्ज घेतोय, त्याला तारण लागत नाही. बरोबर. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, तारण नाही. पण तारण नाही म्हणजे पुरू नाही असं समजू नका. दुकान उघडल्यावर पहिली दोन वर्षं घरात पगार आणणारा एकच, त्याचं काय? बायकोचं सोनं सोनाराकडे, वडिलांचा पीएफ डिपॉझिटमध्ये, बारावीतला भाऊ संध्याकाळी काउंटरवर. हे कुणाच्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नसतं. सीए विचारत नाही, बँकही विचारत नाही. ‘स्वतःचं भांडवल’ या रकान्यात आकडा भरला की झालं. ते भांडवल स्वतःचं असतं का, हे घरी जाऊन विचारायला पाहिजे.

म्हणून मी बॅचला जो सराव देते त्यात शेवटचं पान सक्तीचं असतं: पुरूचं पान. आधी ग्राहक, मग पुरवठादार, मग स्पर्धक, मग आपण. आणि मग, ज्याला कुणी विचारलं नाही तो.

एका ताईला केकचं दुकान काढायचं होतं. गाळा बघितलेला, डिपॉझिटसाठी सासूबाईंची एफडी मोडायची ठरलेली. सासूबाई हो म्हणाल्या होत्या. तिने सासूबाईंचं पान लिहायला घेतलं आणि चार ओळींवर अडकली. म्हणाली, “मॅडम, त्यांना काय वाटतं ते मला माहीतच नाही. त्या हो म्हणाल्या एवढंच माहीत आहे.” घरी जाऊन विचारलं. ती एफडी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली होती. सुनेच्या आड यायला नको म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. ताईने गाळा सोडला. घरातूनच एक ओव्हन घेऊन सुरू केलं, ऑर्डरपुरतं. धंदा हळू वाढतोय, दुकानाची पाटी अजून नाही. तिला त्याचं वाईट वाटतं आणि ती ते लपवत नाही.

उलटंही झालंय. एकाने वडिलांचं पान लिहिलं, ते वडिलांना वाचून दाखवलं, कलम १२८ सुद्धा समजावलं. वडिलांनी ऐकून घेतलं, काही दिवस विचार केला आणि जामीनदार म्हणून सही केली. वर एक अट घातली: दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरल्याची पावती मला दाखवायची. आता दर पाच तारखेला त्या घरात दुकानाचा हिशेब होतो. त्याच्या मते तो हिशेब त्याच्या सीएपेक्षा कडक असतो. तेव्हा या सरावाचा अर्थ कर्ज घेऊ नका असा नाही.

महाभारतात पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. ययाति हजार वर्षं भोग घेतो, तरी भूक संपत नाही हे त्याला कळतं, तो तारुण्य परत करतो आणि राज्य पुरूला देतो. आपल्याकडे परतफेड एवढी सरळ नसते. तुमच्या पुरूला तुम्ही काय परत करणार आणि कधी, हे आजच लिहून ठेवता आलं तर बघा. आकडा आणि तारीख, दोन्ही. दुकान चाललं तर त्याचा वाटा किती आणि नाही चाललं तर त्याचे पैसे कशातून परत करणार, हेही. दुसरी ओळ बरेच जण कोरी सोडतात.

वाचायला घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पुस्तक जाड आहे आणि भाषा आजच्यासारखी नाही. खांडेकर एक उपमा देतात, मग तिच्यावर आणखी एक. काही पानं मी स्वतः भराभर उलटते, त्यात लाज नाही. वाचनालयात प्रत सहज मिळेल. नवीन कोरी घ्यायलाच हवी असं नाही. वसईहून चर्चगेटला रोज जाणाऱ्यांनी ट्रेनमध्ये वाचली तर पंधरवड्यात संपेल, बसायला जागा मिळाली तर. पेन्सिल हाताशी ठेवा. जिथे जिथे पुरूचं नाव येईल तिथे समासात खूण करा आणि बाजूला लिहा, हे कोण सांगतंय.

ज्यांना वाचायचा अगदीच कंटाळा आहे त्यांनी निदान वहीचं काम करा. पाच पानं, पाच “मी”. पुढच्या शनिवारच्या बॅचला येताना पाचवं पान बरोबर आणा. ज्याचं पान आहे त्याला आधी वाचून दाखवा आणि त्याने कुठे खोडलं तेही तसंच आणा, पुन्हा स्वच्छ लिहू नका.